जुन्या ठाण्यातली राणीच्या काळातली घरं: पाडायची की सावरायची?

चेंदणीकर

ठाण्याचा इतिहास निघाला की गाडी १६ एप्रिल १८५३ ला मुंबईहून ठाण्याला आलेल्या पहिल्या रेल्वेवर येऊन थांबते. १४ डबे, ४०० पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान ही ३ इंजिनं, सगळं आपल्याला तोंडपाठ. त्यानंतर ठाण्यात काय झालं, यावर मात्र फारसं कुणी बोलत नाही. मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. १ मे १८५४ ला रूळ खाडी ओलांडून कल्याणपर्यंत गेले. १८६३ मध्ये नगरपालिका आली. जिल्ह्याचं ठिकाण असल्याने कचेरी, कोर्ट, तुरुंग होतेच. कारकून, वकील, मास्तर, रेल्वेतले लोक इथे स्थिरावले आणि चेंदणी, खारकर आळी, ब्राह्मण आळी, चरई या भागांत नव्या पद्धतीची घरं उभी राहिली. व्हिक्टोरिया राणीची कारकीर्द १८३७ ते १९०१. जुन्या ठाण्याचा आज उरलेला बराचसा चेहरा त्या काळातला आहे.

ही घरं पुढून बंगला आणि आतून वाडा अशी असतात. रस्त्याच्या अंगाला लाकडी सज्जा, त्याला ओतीव लोखंडाचा कठडा, पागोळ्यांच्या कडेला कातरलेल्या लाकडाची झालर, दारावर अर्धगोलात बसवलेल्या लाल-निळ्या काचा. उंबरा ओलांडला की ओटी, माजघर, देवघर, मागे परस आणि विहीर. इंग्रजी साहेबाचं पाहून दर्शनी भाग केला, पण सोवळ्यातलं स्वयंपाकघर हललं नाही. हे मिश्रण मला या घरांचं खरं सौंदर्य वाटतं.

आमच्या घराच्या खिडक्यांचं सांगतो. प्रत्येक झडपेत तिरप्या सागवानी पट्ट्या आहेत आणि मधे एक उभी काठी. काठी वर ढकलली की साऱ्या पट्ट्या एकदम मिटतात, खाली ओढली की उघडतात. पावसाळ्यात पट्ट्या अर्धवट ठेवल्या तर झड आत येत नाही आणि वारा मात्र येत राहतो. काठी आणि पट्टी यांना जोडणारी तारेची छोटी आकडी आहे, तीच काय ती गंजते. आमच्या सुतारकाकांनी पितळी तारेच्या आकड्या वळून बसवल्या आणि आजोबांच्या वेळेपासून अडकलेली खिडकी पुन्हा हलायला लागली. एवढ्या साध्या कामासाठी आम्हाला तीन जणांनी ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवायला सांगितलं होतं.

माझं ठाम मत आहे की यातली बरीच घरं वाचवता येतात. त्यासाठी आधी त्यात माणसं राहायला हवीत, आणि दुरुस्ती घराच्या जातीची व्हायला हवी. ज्यांनी अशी दुरुस्ती केली आहे, करायची आहे, किंवा ज्यांना शेवटी घर सोडावं लागलं, त्या सगळ्यांनी लिहा. कारागीर, साहित्य, कायदा, काहीही चालेल.

खारकर_आळी

वाखू (वाचनखूण) साठवली. एक जोड देतो. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० च्या मे महिन्यात माथेरानच्या डोंगरावर चढले आणि तिथे हवा खाण्याची वस्ती सुरू झाली. त्यामुळे माथेरानचे जुने बंगले आपल्या घरांचे समवयस्क. जांभ्याच्या भिंती, चारी अंगांनी रुंद पडवी, उतरतं छप्पर. त्यातल्या एका बंगल्यात आता हेरिटेज हॉटेल चालतं. पडवीत बसलं की कळतं, पंख्याशिवाय घर थंड ठेवायची विद्या तेव्हा होती.

कौलारू

चेंदणीकर, छान विषय काढलात. छपराबद्दल थोडं लिहिते, कारण घर जातं ते छपरातून.

आपल्याकडे आधी कुंभाराच्या चाकावरची अर्धगोल नळीची कौलं होती. माकड चढलं, मांजर पळालं की ती सरकायची, दर वैशाखात घर शाकारावं लागायचं. १८६० च्या दशकात बासेल मिशन या स्वित्झर्लंडच्या ख्रिस्ती मिशनने मंगळूरला यंत्रावर दाबलेली चपटी कौलं काढायला सुरुवात केली. खाचेत खाच बसते, वजन कमी, वासेही कमी लागतात. मग ही कौलं सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर पोचली.

आता एक गंमतीची गोष्ट. कौल उलटं करून बघा, कारखान्याचं नाव आणि बऱ्याचदा साल उमटवलेलं असतं. १८६५ किंवा १८६८ दिसलं की लोक घराचं वय तेवढं धरतात. ते साल कारखाना सुरू झाल्याचं असतं. तोच शिक्का पुढे कित्येक दशकं वापरात होता. घराचं वय काढायचं तर सिटी सर्व्हेचा उतारा, जुनी घरपट्टीची पावती, वाटणीपत्र, असे कागद बघावे लागतात.

आमच्या घराचं छप्पर आम्ही पूर्ण उतरवून पुन्हा चढवलं. कौलं धुऊन एकेक वाजवून घेतली. खणखणीत वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर तडा. निम्म्याहून जास्त कौलं परत वापरता आली. वासे चांगले निघाले, रिपा, म्हणजे कौलं टेकतात त्या आडव्या पट्ट्या, मात्र सगळ्या बदलल्या. पन्हळ तुंबून पाणी भिंतीत उतरत होतं तिथला एक वासा टोकाशी कुजला होता. दर वर्षी मे महिन्यात पन्हळ साफ केला असता तर तो वासा आज तसाच असता. पत्रा टाकायचा सल्ला देणारे भेटतील, ऐकू नका. पत्र्याखाली एप्रिलमध्ये वरच्या मजल्यावर बसवत नाही, आणि मग त्या मजल्यावर कुणी राहत नाही.

टेंभीनाका

+१. राहत्या वास्तू टिकतात याचं उदाहरण आमच्या नाक्यावरच आहे. बेने इस्रायल या मराठी ज्यू समाजाचं शआर हाशामायिम हे प्रार्थनामंदिर १८७९ चं. समाजातली कितीतरी कुटुंबं इस्रायलला गेली, तरी भारतातल्या बेने इस्रायलींची मोठी वस्ती आज ठाण्यातच आहे आणि तिथे प्रार्थना चालू आहे. वर्गणी निघते, रंग होतो, छप्पर बघितलं जातं. तीच वास्तू कुलूप लावून ठेवली असती तर काय झालं असतं ते सांगायला नको.

वाटेकरी

सगळ्यांचं वाचलं. मन भरून येतं, पण दुसरी बाजूही मांडतो, कारण मी ती रोज जगतो.

आमचा वाडा नौपाड्यात. मालक म्हणून उताऱ्यावर चुलत-सावत्र धरून १४ नावं. त्यातले काही पुण्याला, काही परदेशात, दोघांचा पत्ता नाही. खाली भाडेकरू, भाडं आजही चहाच्या खर्चाएवढं. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाणभूत भाडं १९४० च्या पातळीवर बांधलं. १९९९ चा नवा कायदा आला तेव्हा वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा मिळाली, पण मूळ आकडाच इतका लहान की वाढून वाढून किती वाढणार? त्यात छपराची डागडुजीही भागत नाही. भाडेकरूंची चूक नाही, त्यांच्या तीन पिढ्या तिथे वाढल्या. आमचीही नाही.

गेल्या पावसाळ्याच्या आधी घराचं नाव धोकादायक इमारतींच्या यादीत आलं. इमारतीच्या मजबुतीचं ऑडिट करणाऱ्याने तासाभरात अहवाल दिला की पाडा. आता बिल्डर रोज फोन करतो. वरच्या मजल्यावर माझी आई राहते, ८१ वर्षांची, जिन्याची पायरी दहा इंचांची. तिला लिफ्ट हवी आहे. मी तिला सौंदर्य कसं समजावू?

चुना_सुर्खी

वाटेकरी, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात मोलाचा आहे. मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचंच काम करते, त्यामुळे सविस्तर लिहिते.

आधी ऑडिट. ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतींना ते बंधनकारक आहे आणि असायलाच हवं. यादीत सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती. सी-२बी म्हणजे रिकामी न करता मोठी दुरुस्ती, आणि सी-३ म्हणजे किरकोळ. अडचण अशी की बहुतेक ऑडिट करणारे आरसीसीच्या, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटच्या, सवयीचे असतात. रिबाउंड हॅमर काँक्रीटची ताकद सांगतो. चुन्यातल्या विटेच्या भिंतीला आणि सागवानी तुळईला त्याने काय कळणार? लाकूड तपासायचं तर तुळईचं भिंतीत गेलेलं टोक उघडावं लागतं, सळई टोचून बघावं लागतं, बारीक भोक पाडून आतला भुसा कोरडा येतो की काळा ते पाहावं लागतं. दुसरा अहवाल मागण्याची सोय आहे. लाकूड समजणारा इंजिनियर गाठा. मात्र अहवाल येईपर्यंत लाकडी टेकू द्या आणि ज्या खोलीची तुळई वाकली आहे तिथे आईंना झोपू देऊ नका.

आता चुन्याचं. आपल्या जुन्या विटा कमी भाजलेल्या, मऊ असतात. जमिनीतली ओल त्या ओढून घेतात आणि चुन्याच्या गिलाव्यातून ती हवेत निघून जाते. गिलावा पडला की लोक त्यावर सिमेंट मारतात. सिमेंट घट्ट, ओल अडते आणि वर चढत राहते. आधी दोन फुटांवर असलेला डाग चार फुटांवर जातो. पाण्याबरोबर आलेले क्षार विटेच्या पृष्ठभागावर साठून तिचा भुगा करतात. शेवटी ओल तुळईच्या टोकापर्यंत पोचते आणि टोक कुजतं. बाहेरून भिंत गुळगुळीत दिसते, आतून घर बसत चाललेलं असतं. तेलाचा रंगही हेच करतो.

चुन्याचं काम करायचं तर कळीचा चुना पाण्यात विझवून मुरत ठेवायचा, जितका मुरेल तितका चांगला. त्यात वाळू आणि सुर्खी, म्हणजे विटेची पूड. आपल्या दमट हवेत सुर्खीशिवाय चुना नीट धरत नाही. जुने गवंडी गुळाचं पाणी, मेथी, हिरडा, बेलफळाचा चीक घालायचे. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश दगड होतो. त्याला घाई चालत नाही. गिलाव्याचा थर पातळ द्यायचा, ओला ठेवायचा, उन्हापासून गोणपाटाने झाकायचा. ठाण्यात हे काम नोव्हेंबर ते मार्च. जूनमध्ये सुरू करून देतो म्हणणाऱ्या कंत्राटदाराला काम देऊ नका.

कुजलेल्या तुळईचं टोक कापून तिथे जुन्याच सागाचा तुकडा सांधता येतो, बाजूने पोलादी पट्ट्या आणि बोल्ट. पूर्ण तुळई बदलावी लागते असं फार क्वचित होतं. ब्रह्मदेशातून आलेला तो साग आज कुठल्याही भावात मिळणार नाही, म्हणून त्याची फूटभरही लांबी फुकट घालवू नये.

आणि लिफ्ट. मागच्या परसात स्वतंत्र पायावर छोटी घरगुती लिफ्ट उभी करून सज्जातून दार काढलेली घरं मी पाहिली आहेत. दर्शनी भागाला धक्का लागत नाही. नाहीतर आईंची खोली तळमजल्यावर. वय झालेल्या माणसाला त्रास देऊन घर जपावं असं मी कधीच म्हणणार नाही.

पैशांचं उत्तर अवघड आहे. घर वारसा म्हणून अधिकृत यादीत आलं तर न वापरलेल्या चटईक्षेत्राचा टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, मिळण्याची तरतूद राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत आहे. मालकांमध्ये एकमत असेल तर हा रस्ता बघण्यासारखा आहे. १४ सह्या गोळा करणं हेच तुमचं खरं काम, हे मला माहीत आहे.

उपसागर

मूळचा पाचपाखाडीचा, आता बरीच वर्षं सॅन फ्रान्सिस्कोजवळ. इथे व्हिक्टोरियन घर हा शब्द रोज कानावर पडतो, म्हणून या शहराचं थोडं सांगतो.

अलामो चौकासमोरची रंगीत घरांची रांग तुम्ही फोटोत पाहिली असेलच. ती मॅथ्यू कॅव्हाना या बांधकाम व्यावसायिकाने १८९२ ते १८९६ मध्ये विकण्यासाठी बांधली आणि स्वतः शेजारच्याच मोठ्या घरात राहिला. म्हणजे ही मध्यमवर्गाची घरं होती. रेडवूडचं लाकूड, आणि नक्षी वाफेच्या यंत्रांवर कातरून गिरणीतून तयार यायची. कॅटलॉगमधून पसंत करायची आणि दर्शनी भागावर ठोकायची. चेंदणीकरांच्या लोखंडी कठड्याचं वाचून हेच आठवलं. त्या काळी ग्लासगोच्या ओतशाळांचे कॅटलॉगही असेच जगभर जायचे.

१८ एप्रिल १९०६ च्या भूकंपानंतर आग लागली आणि सुमारे २८ हजार इमारती गेल्या. व्हॅन नेस हा रुंद रस्ता होता, तिथे इमारती सुरुंगाने उडवून आग थोपवली. म्हणून त्याच्या पश्चिमेची घरं वाचली. नॉब हिलवरचे धनिकांचे महाल जळाले आणि साध्या माणसांची घरं राहिली.

पुढे त्यांचे वाईट दिवस आले. महायुद्धांच्या काळात नौदलाचा उरलेला राखाडी रंग स्वस्तात मिळायचा, तो कित्येक घरांवर चढला. काहींची नक्षी उपटून वर गिलावा किंवा ॲस्बेस्टॉसच्या फळ्या मारल्या. १९५० ते ७० च्या काळात वेस्टर्न ॲडिशन भागात पुनर्विकासाच्या नावाखाली सुमारे २,५०० व्हिक्टोरियन घरं पाडली गेली आणि कृष्णवर्णीय आणि जपानी वंशाची हजारो कुटुंबं उठवली गेली. हे मला सगळ्यात जास्त लागतं. सुंदर घरांच्या फोटोंमध्ये ती माणसं कुठेच नाहीत. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या सॅन फ्रान्सिस्को हेरिटेज या संस्थेने १९७४ साली १२ घरं अख्खी उचलून चाकांवरून दुसरीकडे हलवली, तेवढी वाचली.

रंगांची सुरुवात १९६३ च्या सुमारास बुच कार्डम नावाच्या चित्रकाराने केली. त्याने स्वतःचं घर भडक निळ्या-हिरव्यात रंगवलं. आधी शेजाऱ्यांनी नावं ठेवली, मग तेही तेच करायला लागले. कुणी वटहुकूम काढला नव्हता, एका माणसाने आपल्या घराला रंग दिला.

इथली घरं सावरताना पहिलं काम मात्र रंगाचं नसतं. लाकडी सांगाडा पायाला बोल्टने बांधतात, कारण भूकंप. आपल्याकडे पाऊस आणि वाळवी, म्हणून छप्पर आणि पाया आधी, झालर नंतर.

चेंदणीकर

उपसागर, माणसांबद्दल लिहिलंत ते फार बरं केलंत. आपल्याकडेही भाडेकरूंना बाजूला ठेवून जतनाची भाषा केली तर ती अपुरी आहे. गिरगावच्या खोताच्या वाडीत एके काळी ६५ घरं होती, आता निम्म्याहून कमी उरली. जी उरली ती तिथल्याच ईस्ट इंडियन (मुंबईतले मूळचे कॅथलिक) आणि इतर कुटुंबांनी हट्टाने धरून ठेवली म्हणून. राणीच्या बागेतल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाची इमारत काही वर्षं काम करून जशी उजळवली, त्याचं २००५ मध्ये युनेस्कोने कौतुक केलं. ती सार्वजनिक वास्तू, मागे संस्था उभ्या होत्या. घराच्या मागे फक्त घरातली माणसं असतात.

वाटेकरी, मी नौपाड्यातच कामाला येतो. तुमची हरकत नसेल तर चुना_सुर्खी ताईंना घेऊन वाडा बघायला येऊ. अहवालाची प्रत तयार ठेवा.

खारकर_आळी

मधेच एक प्रश्न. आमच्या ओटीवर फुलांच्या नक्षीच्या लाद्या आहेत. आजी सांगायची घर १८९० च्या आसपासचं. लाद्या इंग्लंडहून आल्या असतील का? काही फुटल्या आहेत, तशाच मिळतील का?

चुना_सुर्खी

फुटलेल्या लादीची कड बघा. आतून भाजलेल्या मातीसारखी कडक असेल तर इंग्लंडच्या मिंटन वगैरे कारखान्यांची असू शकते. रंगाचा थर वरच आणि खाली करडं सिमेंट असेल तर ती साच्यात दाबलेली सिमेंटची लादी. अशा लाद्या मुंबईत भारत फ्लोअरिंग्ज १९२२ पासून बनवते आणि आजही जुन्या नक्षीच्या बनवून देते. घर १८९० चं आणि लाद्या १९३० च्या, असं सर्रास दिसतं. पैसे हाती आले की लोक ओटी सजवायचे. बदलू नका. फुटक्या लाद्या कपाटाखाली सरकवा आणि तिथल्या चांगल्या पुढे आणा.

ॲसिड लावून पुसू नका. साधं पाणी आणि महिन्यातून एकदा खोबरेल तेलाचा बोळा.

वाटेकरी

चेंदणीकर, अवश्य या. शनिवारी दुपारी आई घरी असते. तिला जुन्या ठाण्याबद्दल विचारलंत तर तुम्हाला लवकर सुटका मिळणार नाही, एवढं सांगून ठेवतो. पुण्याच्या चुलतभावाला हा धागा पाठवला. तो म्हणाला, दुसरा अहवाल येईपर्यंत मी कुठेही सही करणार नाही. १४ पैकी दोन झाले.

कौलारू

वाटेकरी, मनापासून शुभेच्छा. वायरिंगही बघून घ्या. जुन्या लाकडी पट्टीवरची कापड गुंडाळलेली वायर असेल तर छपराआधी तिचा बंदोबस्त करा. लाकडी घरात आगीची भीती पावसापेक्षा मोठी.

टेंभीनाका

चरईत एक दुमजली घर पुढच्या आठवड्यात उतरवतायत. मालकांनी खूप प्रयत्न केले, जमलं नाही. भंगारवाला सगळं एकत्र उचलणार होता. मी मालकांशी बोललो. दुरुस्तीसाठी हवं असेल तर सागवानी वासे, खिडक्यांच्या झडपा, बिजागऱ्या आणि मंगळुरी कौलं ते आधी आपल्या लोकांना देतील, भंगाराच्याच भावात. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

चुना_सुर्खी

वासे मला हवेत, वाटेकरींच्या तुळईला लागतील असं वाटतं. बाकी घेणाऱ्यांनी वासा उचलण्याआधी दोन्ही टोकं ठोकून बघा, खिळे तिथेच उपटून घ्या आणि घरी नेल्यावर वाळवीचं औषध मारल्याशिवाय जुन्या लाकडाला लावून ठेवू नका. कौलं उभी रचा, आडवी रचली तर खालची फुटतात. झडपांची मधली काठी वेगळी झाली तरी आकड्यांसकट पिशवीत भरून आणा.